शाळेतील शुश्रूषा : दीर्घ आजाराच्या मुलांसाठी करावयाची व्यवस्था

प्रत्येक मुलाने शाळेत आले पाहिजे, ह्या तत्त्वाविषयी आता कोणाचाही मतभेद उरलेला नाही. परंतु ज्या मुलास रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते, ज्याला अधूनमधून फेफरे येते, जे आपल्या हाताने घास घेऊ शकत नाही, अथवा ज्याची लघवी ठरावीक वेळी नळीने काढावी लागते, अशा मुलाच्या बाबतीत हे तत्त्व शाळेच्या उंबरठ्यापाशी येऊन अडखळते. पटावर नाव असते. हजेरीच्या रकान्यात मात्र ‘आजारी’ असा शेरा महिनोन् महिने पडत राहतो. काही ठिकाणी मूल येते, पण त्याची आई मजुरी बुडवून दिवसभर शाळेच्या ओट्यावर बसून असते.

ह्यात शिक्षकाच्या अंगी दया नसते असे मुळीच नाही. त्याला भीती वाटते. वर्गात काही अघटित घडले तर काय करावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि दोष मात्र आपल्यावर येईल हे तो जाणून असतो. ही भीती उपदेशाने जाणारी नाही. कोणी, केव्हा, काय करावयाचे हे आधी ठरवून कागदावर लिहून ठेवले म्हणजे ती पुष्कळ अंशी दूर होते. विशेष शाळांतील शुश्रूषेचे कार्य मुख्यतः ह्याच व्यवस्थेवर उभे आहे, आणि तिचा बराचसा भाग खेड्यातील शाळेसही साधण्याजोगा आहे.

अशी मुले आता शाळेत का दिसू लागली?

पूर्वी अशी मुले शाळेच्या वयापर्यंत क्वचितच जगत. इन्सुलिनचा पहिला उपचार जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलावर झाला. त्यापूर्वी बालपणी मधुमेह जडणे म्हणजे थोड्याच काळात मृत्यू ओढवणे, असाच अर्थ होता. पाठीच्या कण्यात जन्मतः दोष असलेली, म्हणजे स्पायना बायफिडा झालेली कित्येक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. १९७२ साली अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडीस यांनी स्वच्छ नळीने ठरावीक वेळी मूत्राशय रिकामे करण्याची साधी पद्धत प्रसिद्ध केली आणि अशा मुलांची मूत्रपिंडे वाचविण्याचा मार्ग खुला झाला. ज्यांना गिळता येत नाही, त्यांच्या पोटावरील लहानशा छिद्रातून अन्न देण्याची सुटसुटीत रीत १९८० च्या सुमारास प्रचारात आली.

वैद्यकाने मूल वाचविले खरे. पण वाचलेल्या मुलाला शिकावयासही हवे. रोज ठरलेल्या वेळी करावयाचा उपचार जर शाळेच्या वेळेतच येत असेल, तर तो शाळेतच झाला पाहिजे. नाही तर शाळा तरी सुटेल किंवा उपचार तरी. शाळेतील शुश्रूषेची गरज येथूनच उत्पन्न होते.

शाळेत परिचारिका कशी आली?

१८९२ साली लंडनमध्ये एमी ह्यूज नावाच्या परिचारिकेने एका गरीब वस्तीतील शाळेस नियमित भेट देण्यास प्रारंभ केला. न्यूयॉर्क शहरातील हकीगत अधिक बोधप्रद आहे. तेथे डॉक्टर शाळा तपासत आणि खरूज, डोळे येणे, उवा अशा विकारांची मुले घरी पाठवीत. पण घरी त्यांच्यावर उपचार करणारे कोणी नसे. मूल रस्त्यावर खेळत राही आणि त्याचा अभ्यास बुडे. १९०२ साली लिलियन वाल्ड यांच्या पुढाकाराने लिना रॉजर्स ही परिचारिका प्रयोगादाखल चार शाळांवर नेमण्यात आली. ती मुलांना शाळेतच औषध लावी, घरी जाऊन आईला तेच करावयास शिकवी आणि मूल पुन्हा वर्गात बसते की नाही हे पाही. ह्या उपायाने घरी बसणाऱ्या मुलांची संख्या इतकी घटली की शहराने लवकरच आणखी परिचारिका नेमल्या.

नुसत्या तपासणीने मूल शाळेबाहेर गेले आणि शुश्रूषेने ते परत आले, हे तत्त्व आजही तितकेच खरे आहे.

विशेष शाळेतील व्यवस्था

इंग्लंडमधील विशेष शाळांत आज कृत्रिम श्वासयंत्रावर असलेली, गळ्याला छिद्र करून बसविलेल्या नळीतून श्वास घेणारी आणि पोटातील नळीने अन्न घेणारी मुलेही शिकतात. प्रत्येक मुलाजवळ दिवसभर डॉक्टर उभा नसतो. परिचारिकाही प्रत्येक वर्गात नसते. तेथील पद्धतीची चार अंगे ध्यानात घेण्यासारखी आहेत. पहिले, प्रत्येक मुलाचे स्वतंत्र लेखी आरोग्यपत्रक. दुसरे, त्या मुलाची नित्याची काळजी घेणाऱ्या मदतनीसास परिचारिकेने प्रत्यक्ष करून दाखविणे, करवून घेणे आणि ठरावीक मुदतीने पुन्हा तपासणे. तिसरे, हे शिक्षण त्या एका मुलापुरते असणे. एका मुलास नळीने अन्न देण्यास शिकलेली व्यक्ती दुसऱ्या मुलास आपोआप पात्र ठरत नाही. चौथे, दिलेल्या प्रत्येक औषधाची वेळेसह नोंद. सर्वसाधारण सरकारी शाळांतही आजारी मुलांसाठी योग्य व्यवस्था करण्याचे बंधन तेथे २०१४ च्या कायद्याने घातले आहे.

आपल्याकडे मुंबईत १९७२ साली डॉ. मिठू अलूर यांनी मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, असलेल्या मुलांसाठी शाळा काढली. शिक्षण आणि उपचार एकाच छपराखाली असावेत हा त्या शाळेचा पाया होता.

अशा कामाची जबाबदारी शाळेने घ्यावी काय, असा प्रश्न अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. टेक्सास राज्यातील अर्व्हिंग येथील अँबर टॅट्रो ह्या स्पायना बायफिडा झालेल्या मुलीची लघवी दर तीन-चार तासांनी नळीने काढावी लागे. हे वैद्यकीय काम आहे, आमचे नव्हे, असे शाळेच्या मंडळाचे म्हणणे होते. १९८४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, हे काम थोड्या मिनिटांत होते, तासाभराहूनही कमी शिक्षणाने सामान्य माणसास ते जमते, मुलीचे आईवडील, तिला सांभाळणारी बाई आणि किशोरवयीन भाऊ हे सर्व ते करू शकतात, आणि त्यावाचून मुलीस शाळेत बसताच येत नाही. म्हणून ते शाळेने केले पाहिजे. पुढे १९९९ साली श्वासयंत्रावर असलेल्या आयोवा राज्यातील एका मुलाच्या खटल्यातही तोच कौल मिळाला. जे काम खुद्द डॉक्टरनेच करावयाचे ते शाळेकडे येत नाही. परिचारिका अथवा शिकविलेली व्यक्ती जे करू शकते आणि ज्याविना मूल शिकू शकत नाही, ते शाळेच्या व्यवस्थेत बसविले पाहिजे, असा ह्या निकालांचा सारांश होय.

हे निकाल आपल्याला लागू नाहीत. तथापि, कोणते काम कोणाचे हे ठरविण्याची ही कसोटी कोणत्याही देशातील शिक्षकाच्या उपयोगी पडेल अशी आहे.

आपल्या शाळांची स्थिती

विशेष शाळा बहुधा शहरात किंवा तालुक्याच्या गावी असतात. खेड्यातील मूल गावच्या जिल्हा परिषद शाळेतच यावयाचे, आणि तेथे परिचारिका नाही. परंतु तेवढ्याने त्याचा हक्क कमी होत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास शाळेत बसण्याचा अधिकार आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अथवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या बालकास घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. मात्र हा पर्याय बालकाने व पालकाने निवडावयाचा आहे. शाळेच्या सोयीसाठी तो त्यांच्या गळी उतरविणे कायद्याच्या हेतूस धरून नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे गणली असून त्यांत मेंदूचा पक्षाघात, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचाही समावेश आहे. मधुमेहाचे मूल ह्या यादीत नसले तरी शिक्षणहक्क कायदा त्याला आहेच.

साहाय्याची साधनेही अगदीच नाहीत असे नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याचे फिरते पथक शाळेस वर्षातून एकदा आणि अंगणवाडीस दोनदा भेट देते. त्या दिवशी मुलांच्या रांगा लावून देणे एवढेच काम शिक्षकाने मानू नये. वर्षभर ज्या मुलाची चिंता वाटली त्याचे नाव व आढळलेली लक्षणे आधीच लिहून ठेवावीत आणि पथकातील डॉक्टरांपुढे ठेवावीत. एरवी प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्राच्या नर्सबाई आणि गावातील आशाताई ही शाळेस जवळची माणसे आहेत.

एका पानाचे आरोग्यपत्रक

दीर्घ आजार असलेल्या प्रत्येक मुलासाठी मुख्याध्यापकांनी एका पानाचे पत्रक तयार करावे. ते पालकांसमवेत बसून लिहावे, वैद्यकीय अधिकाऱ्यांस दाखवून त्यांची सही घ्यावी व पालकांची लेखी संमती जोडावी. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

१. आजाराचे नाव, सोप्या मराठीत.
२. शाळेच्या वेळेत रोज काय करावयाचे, किती वाजता आणि कोणी.
३. धोक्याची चिन्हे कोणती. ती दिसताच पहिल्या पाच मिनिटांत काय करावयाचे.
४. काय करावयाचे नाही.
५. पालकांचा, शेजाऱ्याचा आणि आरोग्य केंद्राचा दूरध्वनी, रुग्णवाहिकेसाठी १०८.
६. नेमलेल्या शिक्षकाचे नाव आणि तो रजेवर असल्यास दुसऱ्याचे नाव.

शेवटचे कलम बहुधा राहून जाते. ज्या शिक्षकास सर्व ठाऊक आहे तो प्रशिक्षणास गेलेला असतो आणि नेमक्या त्याच दिवशी मूल पडते. म्हणून दोन नावे असल्यावाचून पत्रक पुरे झाले असे समजू नये. द्विशिक्षकी शाळेत दोघांनीही शिकून घ्यावे. एकशिक्षकी शाळेत स्वयंपाकीण बाई अथवा शाळा व्यवस्थापन समितीचा जवळ राहणारा सदस्य यांची, पालकांच्या संमतीने, नेमणूक करावी.

औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून देऊ नये, मूळ वेष्टनातूनच द्यावे आणि दिल्याची वेळ वहीत लिहावी. टोचणे, नळी घालणे यांसारखे काम नर्सबाईंनी अथवा डॉक्टरांनी प्रत्यक्ष शिकविल्याखेरीज कोणीही हाती घेऊ नये.

काही नेहमी आढळणारे आजार

*अपस्मार* — ह्यालाच कोणी फेफरे, मिरगी अथवा आकडी म्हणतात. झटका येताच प्रथम घड्याळ पाहावे. मुलाच्या भोवतालच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, गळ्याजवळील गुंडी सोडावी, आणि झटके ओसरताच त्याला कुशीवर वळवावे. हातपाय दाबून धरू नयेत. दातखीळ उघडण्यासाठी चमचा घालू नये, पाणी पाजू नये, कांदा अथवा चप्पल हुंगवू नये. ह्यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही आणि दात मोडण्याचा किंवा श्वास कोंडण्याचा धोका मात्र असतो. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, शुद्ध येण्यापूर्वी दुसरा आला, अथवा त्या मुलास तो आयुष्यात प्रथमच आला, तर १०८ ला कळवावे. अपस्माराचा आणखी एक प्रकार आहे. त्यात मूल पडत नाही. बोलता बोलता काही सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा पूर्ववत होते. ‘लक्ष नाही’ म्हणून अशा मुलास शिक्षा होते. हे वारंवार घडत असेल तर डॉक्टरांकडे पाठवावे.

*मधुमेह* — इन्सुलिन घेणाऱ्या मुलास जेवणास उशीर झाला किंवा खेळ जास्त झाला म्हणजे रक्तातील साखर एकाएकी उतरते. हात कापू लागतात, घाम सुटतो, मूल चिडते अथवा असंबद्ध बोलते. मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर लगेच तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटे जवळ बसावे, बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी व नंतर खाऊ घालावे. अशा अवस्थेत त्याला एकटे घरी पाठवू नये. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवून १०८ ला कळवावे. ह्या मुलास तासाच्या मध्येही खाण्याची व लघवीस जाण्याची मुभा असावी. परीक्षेच्या दिवशीही ती काढून घेऊ नये.

*सिकलसेल* — पूर्व विदर्भात व नंदुरबारकडे हा आजार पुष्कळ आढळतो. ह्यात रक्तातील तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत तीव्र कळा येतात. पाणी कमी पडणे, थंडी, अतिश्रम आणि ताप ही त्याची निमित्ते होत. मूल जवळ पाण्याची बाटली ठेवून बसो; त्याला लघवीस वारंवार जावे लागते, ते खोडी म्हणून नव्हे. डोळे पिवळसर दिसले तरी ते इतरांस लागणारे नाही. ताप, छातीत दुखणे, दम लागणे किंवा अंगाची एक बाजू एकाएकी लुळी पडणे, ह्यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी, त्याच घटकेस दवाखाना गाठावा. जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने ह्या आजारासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून तिच्यात रक्ततपासणीवर भर आहे.

*मेंदूचा पक्षाघात* — ह्या मुलांपैकी काहींना गिळणे कठीण जाते. मध्यान्ह भोजनाच्या वेळी त्यांना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास सावकाश द्यावा. मागे रेलून अथवा निजवून भरविल्यास अन्न श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुसाचा विकार जडतो. ठसका लागला किंवा आवाज घोगरा, ओला झाला की थांबावे. अशा मुलास जेवणास अर्धा तास लागला तरी घाई करू नये.

*स्पायना बायफिडा* — ह्या मुलाच्या पायांना बहुधा संवेदना कमी असते. तापलेल्या फरशीने पाय भाजला तरी त्याला कळत नाही. म्हणून पादत्राणे काढावयास लावू नयेत व एकाच जागी फार वेळ बसवू नये. लघवीच्या नळीसाठी दार लागणारी स्वच्छ जागा, साबण आणि पाणी एवढेच लागते. पुष्कळ मुले थोडी मोठी झाल्यावर हे काम स्वतःच शिकतात. अशा मुलांपैकी अनेकांना रबराची बाधा होते. म्हणून वर्ग सजविताना फुगे वापरण्यापूर्वी पालकांस विचारावे.

आई आणि इतर मुले

शाळेच्या ओट्यावर बसलेली आई ही शाळेची सोय नव्हे. मुलाचा उपचार तिला जितका ठाऊक असतो तितका अन्य कोणास नसतो. म्हणून प्रारंभीचे काही दिवस तिने शिकवावे आणि नेमलेल्या व्यक्तीने तिच्या देखत करावे. नंतर तिला मोकळे करावे. तिची मजुरी बुडत राहिली तर काही महिन्यांनी मूलच येईनासे होईल.

इतर विद्यार्थ्यांस आजाराविषयी सांगावे की नाही, हे मुलास व पालकांस विचारून ठरवावे. आरोग्यपत्रक भिंतीवर लावू नये. शिक्षकांस तात्काळ मिळेल अशा कपाटात ठेवावे. सांगण्यास संमती असेल तर थोडक्यात व खरे सांगावे : हा आजार शिवण्याने लागत नाही, हिला मध्येच खावे लागते, हा पडला तर एकाने गुरुजींना बोलवावे आणि बाकीच्यांनी गर्दी करू नये. मुलांना कारण कळले म्हणजे त्यांची चेष्टा बहुधा थांबते आणि तीच मदतीस धावून येतात.

ह्या सत्रात करावयाचे काम

प्रत्येक मुख्याध्यापकाने प्रथम हजेरीपट काढून दीर्घकाळ ‘आजारी’ असा शेरा असलेल्या मुलांची यादी करावी व त्यांच्या घरी जावे. घरी गेल्यावर ‘मूल का येत नाही’ असे न विचारता ‘मूल यावे म्हणून शाळेत दिवसाकाठी काय करावे लागेल’ असे विचारावे. पुष्कळदा उत्तर लहान निघते : दोन वाजता एक गोळी, पाठीला टेकण असलेली खुर्ची, दार लागणारी मोरी. जेथे उत्तर मोठे असेल, श्वासयंत्र अथवा सततची शुश्रूषा लागत असेल, तेथे एकट्या शाळेने धाडस करू नये. केंद्रप्रमुख, समग्र शिक्षेचे विशेष शिक्षक व वैद्यकीय अधिकारी यांच्यासह पालकांनी एकत्र बसून शाळा, विशेष शाळा की गृहशिक्षण हे ठरवावे. तोवर शिक्षकाने घरी पाठ देण्याचे थांबवू नये.

आरोग्यपत्रके सत्राच्या पहिल्या महिन्यात पूर्ण करून, दर सत्रारंभी पालकांकडून ताजी करून घ्यावीत. मुलाचे वजन वाढते, औषधाचे प्रमाण बदलते, दूरध्वनीही बदलतो. मूल वरच्या इयत्तेत अथवा दुसऱ्या शाळेत जाईल तेव्हा पालकांच्या संमतीने हे पान त्याच्याबरोबर पुढील शिक्षकाच्या हाती द्यावे.